आजीची यादी पाठ करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. आणि तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे, रामकृष्ण हरी.

आजी गेल्यावर पेपरात निधनवार्ता दिली. मजकूर नेहमीचाच. वृद्धापकाळाने निधन, वय ८८, पश्चात दोन मुलगे, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा मोठा परिवार. त्यात तुम्ही कुठेच नाही. शेवटच्या काळात ती जिच्या हातून जेवली, जिच्या खांद्यावर मान टाकून झोपली, तिच्यासाठी त्या मजकुरात शब्दच नसतो. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्हाला समोर बसवून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू द्या हो’ म्हणता आणि भांडी घासायला उठता.

आधी थोडं आजीबद्दल. तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा ती बरीचशी निसटून गेली होती. आपण जिला सांभाळलं ती बाई मूळची कशी होती, हे तुम्हाला आणि तुमच्या मुलींना कळायला हवं असं मला वाटतं.

आजी नगरकडची. माहेर अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. तिकडे पेटी-तबल्यावर भजनं आणि मनाला येईल त्या शब्दांत केलेली प्रार्थना. लग्न होऊन नाशिकच्या शरणपूरला आली तर सासर सीएमएसच्या, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनच्या, वळणाचं. इथे सगळं पुस्तकातून, ठरलेल्या जागी उभं राहायचं, ठरलेल्या जागी गुडघे टेकायचे. सुरुवातीला तिला फार अवघडल्यासारखं व्हायचं म्हणे. १९७० साली वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा ‘आता कुठं माझं सासर-माहेर एक झालं’ असं ती म्हणाली होती, हे पप्पा अजून सांगतात. पण घरातली संध्याकाळची प्रार्थना तिने पहिल्यापासून माहेरच्या पद्धतीनेच चालवली. सासूबाईंनीही कधी अडवलं नाही.

आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. एक पगार आणि खाणारी तोंडं बरीच, कारण धाकट्या दिरांची मुलंही शिकायला आमच्याकडेच होती. आजीने शिवणाचं मशीन घेतलं आणि गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवून मुलांच्या फिया भरल्या. नाताळ जवळ आला की ती मेन रोडला जाऊन एकाच ताग्यातून कापड आणायची. सख्खी, चुलत, सगळी मुलं उपासनेला एकाच छापाच्या कपड्यांत. आमच्याकडे एक जुना फोटो आहे, त्यात निळ्या फुलांचे फ्रॉक, निळ्या फुलांचे शर्ट, आणि मागे खिडकीचा पडदाही त्याच फुलांचा. कुणाचं मूल कुणाचं हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. तिला तेच हवं होतं.

आता यादीबद्दल. आजीच्या पवित्रशास्त्राच्या कोऱ्या पानावर घरातल्या प्रत्येकाचा जन्म, बाप्तिस्मा, लग्न लिहिलेलं होतं. रोज दिवेलागणीला ती सगळी नावं ती देवापुढे घ्यायची. थोरल्यापासून सुरुवात, मग त्याची बायको, त्याची मुलं, मग दुसरं घर. आजारी असेल त्याच्यासाठी एक वाक्य जास्त, परीक्षा असेल त्याच्यासाठी एक वाक्य जास्त. घराच्या वाटणीवरून धाकटे काका भांडून गेले आणि कितीतरी वर्षं आमच्या दारात आले नाहीत. त्या सगळ्या वर्षांत त्यांचं नाव यादीत होतं तिथेच राहिलं. वर गेलं नाही, खाली गेलं नाही, गाळलं तर नाहीच. ते नाव आलं की आम्ही मुलं डोळे किलकिले करून आजीकडे बघायचो. तिचा आवाज तसाच असायचा.

मग विसरणं सुरू झालं. आधी हिशेब गेला, मग आमटीतलं मीठ, मग आम्ही. संध्याकाळ झाली की ती कासावीस व्हायची. या आजारात बऱ्याच जणांचं तसं होतं, दिवस कलला की घालमेल वाढते. पदर खोचून फाटकाकडे निघायची. ‘घरी जायचंय, पोरं वाट बघत असतील.’ घरातलं कुणीतरी समजावायचं की आजी, हेच घर आहे, पोरं मोठी झाली. त्याने ती आणखी घाबरायची.

तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. ‘जाऊ ना आजी, आधी प्रार्थना करून घेऊ,’ एवढंच म्हणालात. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ती अजून नावं घेत होती त्या पहिल्या दिवसांत तुम्ही स्वयंपाकघरातून ती ऐकत होतात आणि ती तुमच्या कानात बसली होती. मी एका शनिवारी संध्याकाळी आले तेव्हा बघितलं. आजी खुर्चीत, डोळे मिटलेले, तिसऱ्या नावावर अडकलेली. ओठ हलतायत, नाव येत नाही. तुम्ही आत भाकरी थापत होतात. थापण्याचा आवाज न थांबवता तुम्ही आतूनच पुढचं नाव सांगितलंत. आजीने ते घेतलं, पुढे गेली, पुन्हा अडली. पुन्हा आतून नाव आलं. असं करत करत आमचं सगळं घर पार पडलं. अमेरिकेतल्या नातसुनेचं अवघड नावही तुम्ही बरोबर घेतलंत. मी दारातच उभी राहिले, चप्पलसुद्धा काढली नव्हती.

ताई, आमच्या घरात शिकलेली माणसं आहेत. ती यादी न चुकता म्हणू शकेल असं एकही नव्हतं. आजीने आयुष्यभर ज्यांना एकत्र धरून ठेवलं, त्यांना तिच्या हातून सुटू न देणारी माणूस दिंडोरी तालुक्यातून एसटीने येत होती.

भजनांचंही तसंच. तुमचे वडील वारकरी, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जाणारे. त्यामुळे आजीने रेव्हरंड टिळकांचं भजन धरलं की दुसऱ्या ओळीला तुमचा सूर लागायचा. मला त्यात नवल वाटलं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचं ऋण ते उघडपणे मानत आले, आणि आमच्या मंडळींना त्यांनी अभंगांत आणि ओव्यांत प्रभूचं नाव घ्यायला दिलं. तुम्ही दोघी एकाच चालीवर गायच्या आणि कुणालाच काही सोडावं लागत नव्हतं.

तुम्ही तिला चाकाच्या खुर्चीवर बसवून शरणपूर रोडला फिरायला न्यायच्या आणि ती तुम्हाला जेकबची गोष्ट सांगायची. ती तुम्ही इतक्यांदा ऐकलीत की एकदा मला विचारलंत, ही खरी का हो? खरी आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं इथे मिशनच्या आश्रयाला आणली जात, शाळेत घातली जात. त्यातलाच एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत परत गेला आणि आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या सोबतीला होता. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब होता. तिथून पेटीबरोबर तो लंडनला गेला. १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा पेटीला हात देणाऱ्यांत आमच्या शरणपुरात शिकलेला हा मुलगा होता. आजी नातवंडांची नावं विसरली, पण जेकबला विसरली नाही. दर वेळी तुम्ही ‘मग काय झालं?’ असं पहिल्यांदा ऐकल्यासारखं विचारायच्या, त्याबद्दल वेगळे आभार.

आणि अंगमेहनतीचं काम. ते तर लोकांना दिसतच नाही. ती अंथरुणाला खिळल्यावर दर २ तासांनी कूस बदलायची. पाठ, टाचा, माकडहाड बोटांनी चाचपून बघायचं आणि कुठे लाली दिसली तर त्या कुशीवर टेकवायचं नाही. भरवताना पाठ ताठ, हनुवटी जरा खाली. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. गिळणं बिघडलेल्या माणसाचा घास श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया होतो, हे तुम्ही मला समजावलंत, तेही न ओरडता. अखेरपर्यंत आजीच्या अंगावर एक जखम झाली नाही. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी तिची पाठ बघून आधी ‘यांना कोण बघतं?’ असंच विचारलं होतं.

इथे एक बोलते, कारण हे पत्र इतरही वाचतील. नाशिकच्या कितीतरी घरांत पहाटेच्या एसटीने आलेल्या बायका आमची म्हातारी माणसं सांभाळतात. हे कौशल्याचं काम आहे. त्याला ठरलेली सुट्टी हवी, आजारपणाची रजा हवी आणि वेळच्या वेळी पगार हवा. ‘घरच्यासारखी आहे’ असं म्हणून यातलं काहीच टाळता येत नाही. तुम्ही घरच्या होतात आणि तरीही तुमची सुट्टी तुमचा हक्कच होती.

शेवटच्या रात्री श्वास बदलला हे तुम्ही ओळखलंत. पाय गार पडायला लागल्यावर तुम्हीच सगळ्यांना फोन करायला लावलेत, उद्यापर्यंत थांबू नका म्हणालात. त्यामुळे पप्पा पोचले, आत्या पोचल्या, धाकटे काकाही पोचले. पाळकसाहेबांनी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ वाचलं. मग कुणाला काय करावं सुचेना, तेव्हा तुम्ही तिच्या कानाशी वाकलात आणि यादी सुरू केलीत. थोरल्यापासून. घाई नाही, रोजच्याच आवाजात. काकांचं नाव आलं तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते. इतकी वर्षं आपलं नाव रोज घेतलं जात होतं हे त्यांना तेव्हा कळलं. ते खाली बसले आणि त्यांनी आजीचे पाय धरले. यादी पूर्ण झाली. आजी त्यानंतर पहाटे गेली.

दफनभूमीत तुम्ही मागे, बायकांच्याही मागे उभ्या होतात. मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा काकांनीच वळून तुम्हाला पुढे बोलावलं, ते मला फार बरं वाटलं.

आता संध्याकाळची प्रार्थना पप्पा घेतात. दुसऱ्या घराच्या मुलांपाशी अडखळतात, म्हणून मी तुमच्याकडून फोनवर सगळी नावं लिहून घेतली होती. तो कागद आता पवित्रशास्त्रातच ठेवलाय. त्यात शेवटी तुमचं आणि तुमच्या दोन्ही मुलींची नावं आत्याने तिच्या हाताने घातली आहेत. तुमच्या धाकटीची बारावीची परीक्षा आहे, तेव्हा तिच्यासाठी सध्या एक वाक्य जास्त असतं.

नाताळच्या दिवशी उपासना झाली की सगळे आमच्याकडेच जेवायला आहेत. मुलींना घेऊन या. एसटी चुकली तर फोन करा, काका गाडी घेऊन दिंडोरीपर्यंत येतो म्हणालेत. आणि आत्याने यंदा पुन्हा एक अख्खा तागा आणलाय, पिवळ्यावर बारीक पांढरी फुलं. शिवणाचं मशीन तेल घालून तयार आहे. दोघी मुलींची मापं या आठवड्यात कळवा. थोरलीला कुर्ता हवा असेल तर बाहीची लांबीही सांगा.

तुमची,
आजीची धाकटी नात
शरणपूर, नाशिक