पितरांच्या वाडीच्या पानाचे पैसे न घेणाऱ्या काकीस

गे काकी,

बाजारात मी तुला 'तू'च म्हटलं होतं. आता कागदावर 'तुम्ही' लिहून बघितलं, तर साहेबाला अर्ज केल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून तूच लिहिते. मालवणच्या आठवडा बाजारात आमसुलं आणि पत्रावळ्या घेऊन बसतेस ना, ती तू. मी तुला आठवत असेन की नाही कोण जाणे. मे महिन्याच्या शेवटी, भर दुपारी, घामाने भिजून तुझ्यासमोर उभी राहिलेली आणि आवाज नीट निघत नसलेली ती मी.

दोन दिवसांवर बाबांचं वर्षश्राद्ध होतं. सव्वाशे माणसं जेवायची होती. घरात ताटल्यांची तीन खोकी पडलेली होती आणि त्यातली एकही मला वापरायची नव्हती.

ती खोकी मी मोबाईलवरून मागवलेली. वर हिरवं पान छापलेलं, 'शंभर टक्के निसर्गस्नेही' असं लिहिलेलं. उघडली तर दहा-दहा ताटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या. तिथेच शंका आली. एका ताटलीत उकळतं पाणी ओतून ठेवलं. थोड्या वेळाने नखाने कोपरा उचलला, तर दुधावरची साय निघावी तसा पारदर्शक पापुद्रा सुटून हातात आला. फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, कागदच आहे, वरून फक्त कोटिंग आहे." मग फोन कट. पैसे अजून परत आलेले नाहीत, येतील असं वाटतही नाही. जेवणाचं कंत्राट घेतलेला आमचा माणूस त्याच्याही पुढचा. म्हणे, थर्माकोलच्या आणतो, घरचंच कार्य आहे, कोण बघतंय? राज्यात 2018 पासून त्यावर बंदी आहे हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

कोण बघतंय! बाबा असते तर त्यांनी बघितलं असतं. आमचे बाबा शाळेत मास्तर. पहिलं उधाण आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर जायचे आणि समुद्राने परत टाकलेलं गोळा करायचे. पिशव्या, बाटल्यांची झाकणं, ताटल्यांचे तुकडे. वर्गात मुलांना सांगायचे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पोवळी आहेत, 1987 साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालंय, आणि आपल्या व्हाळाचं पाणी जातं कुठे? कोळंबच्या खाडीत. खाडी कुठे? मुलं कंटाळून एका सुरात म्हणायची, "दर्याऽत." अशा माणसाच्या वर्षश्राद्धाचं खरकटं थर्माकोलसकट व्हाळात जाणार, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती. नातेवाईक म्हणाले, एका दिवसासाठी एवढं काय. त्यांना काय सांगणार!

म्हणून तुझ्याकडे आले. तुझ्याकडे साठच पत्रावळ्या होत्या. "बाकीची उद्या ये. जावेकडे असतली," म्हणालीस. द्रोण तुझ्याकडे नव्हते, तर शेजारच्या बाईला हाक मारून तिच्याकडून द्यायला लावलेस. तीही तेच विकते, तुझीच गिऱ्हाइकं पळवते, हे मला दिसत होतं. तुला त्याचं काहीच नव्हतं.

आणि मग तू मोजायला बसलीस. एकेक पत्रावळ उचलून उन्हासमोर धरायचीस. हिरांच्या काड्यांनी टाचलेल्या पानांमधून कुठे उजेड आला की, "ह्येतून आमटी गळतली," म्हणून बाजूला टाकायचीस. मला घाई होती, मी म्हटलं, असू दे गं. तू ऐकलं नाहीस. मोजता मोजता विचारलंस, "कसलां जेवाण?" मी सांगितलं. तू मान वर केली नाहीस, हातही थांबवला नाहीस. फक्त गठ्ठ्यातून एक पत्रावळ निवडलीस, सगळ्यांत घट्ट, गोल, एकही भोक नसलेली. पदराने पुसलीस आणि वेगळी माझ्या हातात दिलीस. "ह्यां वाडयेचां. ह्येचे पैसे घेवचंय नाय."

काकी, त्या वर्षभरात मला खूप लोक भेटायला आले. 'देवमाणूस होते हो' म्हणून गेले. तू बाबांना ओळखत नव्हतीस, मलाही नाही. पण त्यांच्यासाठी पान वाढायचं आहे आणि ते गळकं चालणार नाही, हे तुला न सांगता कळलं. मी तिथेच, आमसुलांच्या टोपलीशेजारी, रडले. तू दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलीस, तेही बरं केलंस.

एक कबुली द्यायची आहे. त्याआधी दोनच मिनिटं, तू शेकड्याचा भाव सांगितलास तेव्हा, मी सवयीने म्हणाले होते, "जरा कमी कर ना." मोबाईलवर ताटल्या मागवताना असा प्रश्न विचारायला जागाच नसते, आणि तिथे मी गुपचूप दुप्पट मोजले होते. पान तोडणं, हीर काढणं, टाचणं, सुकवणं, डोक्यावरून एसटीपर्यंत आणणं, एवढं सगळं करून जमिनीवर बसलेल्या बाईशीच आपण घासाघीस करतो. पर्यटकांना हसते मी, ते शहाळ्याचा भाव पाडतात म्हणून. मी कुठे वेगळी होते? बाबा कधी भाव करायचे नाहीत. टोपलीसमोर उकिडवे बसून एवढंच विचारायचे, "खंयचां ह्यां?" आणि जे जवळच्या वाडीतून आलं असेल ते घ्यायचे. मला लहानपणी त्याची लाज वाटायची, इतका वेळ लागायचा!

चांगली माणसं जगात उरली नाहीत असं आमच्या घरात अधूनमधून कुणीतरी म्हणतं. मला वाटतं ती बाजारात खाली बसलेली असतात आणि आपण वरून बघत पुढे जातो. जाऊ दे, तुला हे वाचून दाखवणारी तुझी नात हसेल.

कार्य छान झालं. वाडीचं पान मी स्वतः वाढलं. आमटी गळली नाही. जेवणं झाल्यावर खरकटं गुरांना गेलं आणि पत्रावळ्या आम्ही परसातल्या माडांच्या आळ्यांत पुरल्या. पाऊस सुरू झाला तेव्हा जाऊन बघितलं, पानं काळी पडून मातीत मिसळत होती. ती तीन खोकी अजून माळ्यावर आहेत. त्यांचं काय करायचं, सुचत नाही.

ज्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तू गठ्ठा बांधून दिलास, तो देताना म्हणाली होतीस, "फडको परत हाड हां." धुवून, वाळवून, घडी करून ठेवलाय. या बाजाराला आणते. कोकमाच्या आगळासाठी बाटल्याही घरूनच आणीन. यंदाच्या रातांब्यांचं काढलेलं थोडं शिल्लक ठेव.

मास्तरांची चेडू