जे खरोखर घडलं तेच पटत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत गढवालमधल्या नंदादेवी शिखरावरच्या त्या हेरकादंबरीबद्दल वाचकांची मतं छापलीत. चांगलं पानभर छापलीत, त्याबद्दल आभार. हल्ली पुस्तकांना एवढी जागा देतंय कोण! पण ती मतं वाचल्यापासून डोकं तापलंय. रात्र गेली की राग ओसरेल असं वाटलं होतं. नाही ओसरला, म्हणून हे पत्र.

पहिलंच मत घ्या. ‘मोहिमेतले लोक वादळाला घाबरून अणुयंत्र बर्फात टाकून खाली येतात, हे अजिबात पटत नाही. लेखकाला शेवट सुचला नसावा.’ त्याच्याखाली दुसऱ्या वाचकांनी री ओढलीय की इतका निष्काळजीपणा प्रशिक्षित हेर करतीलच कसा. आणि तिसऱ्यांचा सल्ला असा, की नायकानं यंत्र पाठीवर घेऊन उतरायला हवं होतं, म्हणजे ‘थरार टिकला असता’.

अहो, त्या साडेचारशे पानांत खरोखर घडलेली गोष्ट कोणती असेल तर ती हीच आहे! प्रेमप्रकरण बनावट, फितूर डॉक्टर बनावट, कड्यावरची मारामारी तर धडधडीत बनावट. या सगळ्यावर वाचकांची मान डुलते. आणि १९६५च्या ऑक्टोबरात जे प्रत्यक्ष झालं, तेवढंच नेमकं ‘पटत नाही’!

त्या मोहिमेचं नेतृत्व कॅप्टन मनमोहनसिंग कोहलींकडे होतं. याच कोहलींच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षीच्या मे महिन्यात भारताचे नऊ जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले होते. त्यांना भित्रं म्हणायचं? चीननं १९६४च्या ऑक्टोबरात लोप नूरला पहिला अणुस्फोट केला होता. त्या बाजूच्या क्षेपणास्त्रांचे संदेश टिपणारं, अणुऊर्जेवर चालणारं यंत्र शिखरावर बसवायचं होतं, आणि त्यासाठी अमेरिकेची सीआयए आणि आपलं गुप्तवार्ता खातं मिळून कामाला लागले होते. एवढा मोठा हट्ट मागे होता. तरी वरच्या कॅम्पवर हवा बिघडली तेव्हा कोहलींनी माणसं खाली आणली आणि यंत्र तिथेच खडकाच्या आधारानं पक्कं बांधून ठेवलं. पुढच्या वसंतात जाऊन पाहतात तो जागेवर काहीच नाही. हिमप्रपातानं नेलं असावं. त्यानंतर शोधमोहिमा झाल्या, यंत्र काही मिळालं नाही. १९७८ साली बातमी फुटली आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंना संसदेत निवेदन करावं लागलं. लेखकाला शेवट सुचला नाही म्हणे! तो शेवट हिमालयानं लिहिलाय, त्यात लेखकाचं काय चालणार?

‘निष्काळजीपणा’ हा शब्द वाचून मला जास्त लागलं, त्याचं कारण सांगतो.

तरुणपणी आमच्या गटानं गढवालमध्ये एका शिखराची मोहीम काढली होती. शिखर कोणतं ते सोडा, नंदादेवीपुढे ते अगदी किरकोळ. शेवटच्या कॅम्पवर आम्ही वाऱ्यात अडकलो. तंबूत बसून दोघांनी आतून खांब धरून ठेवायचे, बाकीच्यांनी पडायचं, मग पाळी बदलायची. पहाटे वारा जरा पडला तसा आमचा लीडर म्हणाला, ‘जड सामान इथेच. फक्त माणसं खाली.’ एक तंबू, दोन रोप, केरोसीनचे कॅन आणि पिटॉन-कॅराबिनरची (खडकात ठोकायच्या खुंट्या आणि दोर अडकवायच्या कड्या) पिशवी असं सगळं एका ताडपत्रीत गुंडाळलं, खडकात दोन पिटॉन ठोकले आणि करकचून बांधलं. गाठी मी स्वतः तपासल्या होत्या. पुढच्या वर्षी ओळखीची एक तुकडी त्याच वाटेनं गेली. पिटॉन दोन्ही होते म्हणाले, त्यात अडकलेला हातभर दोर होता, आणि पुढे काही नव्हतं. दोर तुटला होता, सुटला नव्हता.

सामान भाड्याचं होतं. ज्या संस्थेकडून आणलं तिच्या भांडारात एक गृहस्थ बसायचे. त्यांनी रजिस्टर उघडलं, ‘परत न आलेल्या वस्तू’ असा रकाना होता, त्यात सगळी यादी सुवाच्य अक्षरात उतरवली आणि पुढे कारणाच्या रकान्यात लिहिलं ‘निष्काळजीपणा’. मी म्हटलं, साहेब, वादळ लिहा. तर म्हणाले, ‘वादळाचा रकाना नाही.’ डिपॉझिट गेलं ते गेलंच. वर आमच्या सत्काराच्या कार्यक्रमात (शिखर न होता सत्कार, हाही एक प्रकारच) प्रमुख पाहुण्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘मग सामान तरी आणायचं!’ टाळ्या पडल्या. लीडर हसला. तो खाली आल्यावर महिनाभर बोटांना फडकी गुंडाळून हिंडत होता, ते त्या पाहुण्यांना कोण सांगणार?

म्हणून विचारतो. कोहलींच्या यंत्राचं वजन छप्पन-सत्तावन्न किलो होतं. ते शिखराखालच्या उतारावरून, वादळात, पाठीवर घेऊन उतरायचं, आणि का, तर वाचकाचा थरार टिकावा म्हणून! आणि सोबतच्या माणसांपैकी दोन-चार गेली असती म्हणजे मग पाच तारे दिले असतेत का?

आता ‘पहिली शंभर पानं नुसता बर्फ वितळवत बसतात’ या तक्रारीबद्दल. होय, बसतात. तिथे दुसरं कामच काय असतं? पातेलंभर बर्फ घातला की तळाला पेलाभर पाणी जमतं. पुन्हा बर्फ कोंबा, पुन्हा वाट पाहा. त्यात स्टोव्हचं निपल चोंदतं. पिन मारायला बाहेरचे जाड हातमोजे काढावे लागतात, आणि काढले की दोन मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. सात हजार मीटरवर पाणी ऐंशी अंशांच्याही आत उकळायला लागतं, त्यामुळे उकळ्या फुटताना दिसतात आणि डाळ मात्र कच्ची ती कच्चीच. सकाळी क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली लावायच्या दातेरी सांगाड्याचे, पट्टे लाकडासारखे ताठ झालेले असतात. ते बुटावर ओढून बक्कल लावायचं एवढ्या कामाला एरवी मिनिट लागत नाही; तिथे एक पट्टा लावून माणूस धापा टाकत बसतो आणि दुसऱ्याकडे नुसता बघत राहतो. लेखकानं हे लिहिलंय, आणि फार छान लिहिलंय. माझ्या मते पुस्तकातला तेवढाच भाग पुन्हा वाचावा असा आहे. एका वाचिकेनं ‘ही पानं गाळून वाचा’ असा सल्ला दिलाय. मग उरलं काय? विमानतळावरचे पाठलाग?

उलट जिथे आक्षेप घ्यायला हवा तिथे सगळे लोटांगण घालतात. ‘बर्फाच्या धारेवरचा पिस्तुलाचा प्रसंग श्वास रोखायला लावतो’ म्हणे. तिथे श्वास रोखता येतच नाही हो! साडेपाच हजार मीटरवरच हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. त्याच्या कितीतरी वर आपला नायक प्राणवायूशिवाय धावतो, उडी मारतो, नेम धरतो आणि मग देशप्रेमावर पान-दीड पान बोलतो. आमच्यातल्या एकानं त्याहून खालच्या कॅम्पवर ‘मीठ दे’ एवढं म्हणायला दोनदा दम घेतला होता. खलनायकाला तर खोकलासुद्धा येत नाही. पटलं बुवा सगळ्यांना!

शेर्पांची पात्रं ‘कमी करता आली असती’ असंही कुणी लिहिलंय. वेग वाढला असता म्हणे. प्रत्यक्षातली मोहीम शेर्पांशिवाय बेस कॅम्पच्या पुढे सरकली नसती. आणि त्यांच्या वाट्याला काय आलं, ते ज्या पानावर आहे त्याबद्दल कुणीच एक ओळ लिहू नये याचं वाईट वाटतं. प्लुटोनियमची ऊब लागते म्हणून ते ओझं उचलायला शेर्पांमध्ये चढाओढ असायची, हे कोहलींनीच पुढे सांगितलंय. आत काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. कादंबरीत थंडीनं गारठलेला तो पोरगा पेटीला पाठ लावून झोपतो, सकाळी सगळ्यात ताजातवाना तोच असतो आणि बाकीचे त्याला हसून चिडवतात. लेखकानं त्यावर एकही टिप्पणी केलेली नाही. सगळ्या पुस्तकात खरा थरार कुठे असेल तर तिथे आहे. तेही पान गाळून वाचलंत वाटतं.

आणि एकदाचं कुणीतरी सांगून टाका की तो बॉम्ब नव्हता. ‘अणुबॉम्ब हरवला तर सरकार गप्प कसं’ असा प्रश्न तुमच्याच पानावर छापून आलाय, आणि खाली संपादकीय टीप नाही. प्लुटोनियम-२३८ आपोआप तापतं, त्या उष्णतेवर वीज तयार करायची, एवढंच यंत्रातल्या त्या अणुभागाचं काम. ते फुटत नाही. याचा अर्थ ते निर्धोक आहे असा नव्हे. त्याचं अर्धायुष्य ८७.७ वर्षांचं, म्हणजे त्यातलं निम्म्याहून जास्त अजून तिथे कुठेतरी शिल्लक आहे, आणि त्या हिमनद्यांचं पाणी ऋषीगंगेतून धौलीगंगेला आणि पुढे अलकनंदेला मिळतं. ७ फेब्रुवारी २०२१ला ऋषीगंगेला लोंढा आला तेव्हा रैणी गावातल्या लोकांना पहिली शंका त्या यंत्राचीच आली होती. शास्त्रज्ञांना पुढे रोंती शिखराचा कडा बर्फासकट कोसळलेला आढळला, तो भाग वेगळा. पण इतक्या वर्षांनी गावकऱ्यांच्या मनात ते यंत्र जिवंत आहे, आणि आपल्याकडे चर्चा कसली, तर शेवट फसला की जमला!

बरं, याच पानाबद्दल आणखी एक. मतांच्या मधोमध चार कॉलमात जो डोंगर छापलात तो नंदादेवी नाही. तो मॅटरहॉर्न आहे. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर असतो. नंदादेवीला दोन शिखरं आहेत, मुख्य आणि पूर्व, आणि त्यांना जोडणारी सुमारे दोन किलोमीटरची धार आहे. एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही. हेरांनी जागा गुप्त ठेवली हे समजू शकतो, पण वर्तमानपत्रानं ती थेट युरोपात हलवावी हे जरा जास्तच झालं. कादंबरीच्या मुखपृष्ठावर बरोबर चित्र आहे, तेच वापरायचं होतं.

माझं मागचं पत्रही याच शिखराबद्दल होतं. त्यात मी उंची ७,८१६ मीटर लिहिली होती, आपण ७,८१६ फूट छापलीत. शिमल्याची जाखू टेकडीसुद्धा त्याहून उंच आहे आणि तिथे देवदर्शनाला आजीबाई चढून जातात. त्यावर दोन वाचकांनी माझी टिंगल करणारी पत्रं पाठवली, ती मात्र आपण अगदी बिनचूक छापलीत. मी खुलासा पाठवला, तो जागेअभावी राहिला असं कळलं. या वेळी पत्र लांबलंय, कापायचं असेल तर पाठलागाबद्दलचं वाक्य खुशाल कापा. मीटरला हात लावू नये.

आपला,
एक जुना वर्गणीदार