आजार आई-वडिलांचा, माहिती कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यात औषधांचे दुकान चालवत असल्यामुळे, घरोघरच्या आजारपणातले मुलांना ठाऊक नसलेले पुष्कळ काही आमच्या काउंटरवर कळते. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. 'त्यांना उगाच काळजी नको' म्हणून फोनवर रोज 'आमचे बरे आहे' एवढेच सांगितले जाते. इकडे हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेलीच रक्तदाबाची गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळ्या कंपनीच्या नावाने लिहून दिलेली असते आणि दोन्ही सुखेनैव चालू असतात. पाच-पाच गोळ्या कापून नेलेल्या पट्टीवर औषधाचे नावही धड उरत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणारे गृहस्थ गुडघेदुखीवर शेजाऱ्याने सुचवलेली आयब्युप्रोफेन मागतात, तेव्हा या दोन गोळ्या एकत्र आल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे त्यांना समजावून सांगावे लागते. असे गृहस्थ पडून डोक्याला मार लागला, तर 'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला धावत आलेल्या मुलाकडे उत्तर नसते.

असे असले तरी 'सगळे रिपोर्ट मुलांच्या मोबाइलवर' हा सर्रास सुचवला जाणारा उपाय मला पटत नाही. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशन या सरकारी योजनेत 'आभा' या १४ अंकी आरोग्य-खाते क्रमांकाशी जोडलेली कागदपत्रे संबंधित व्यक्तीच्या संमतीनेच दाखवता येतात, ही व्यवस्था चोख आहे. पण क्रमांकाला मोबाइल मुलाचा जोडलेला असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि ज्याचा आजार त्याला न विचारताच संमती दिली जाते. याहून वाईट प्रकार म्हणजे, गाठीचा अहवाल येताच मुले डॉक्टरांना बाजूला घेऊन 'बाबांना काही सांगू नका' म्हणतात आणि केमोथेरपीला घरात 'ताकदीचे सलाइन' हे नाव पडते. हे प्रेमापोटी होते, मान्य. पण बँकेची कामे आणि वाटणीपत्र ज्यांना विचारल्याशिवाय होत नाही, त्यांना स्वतःच्या शरीराबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात. हा अधिकार कोणाला द्यायचा, हे आई-वडिलांनी धडधाकट असतानाच लिहून ठेवावे. चालू औषधे, त्यांचे प्रमाण, ॲलर्जी, जुनी शस्त्रक्रिया आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर एवढे मुलांजवळ असलेच पाहिजे. मनोविकाराची गोळी सुनेला कळू द्यायची की नाही, किंवा मुलाऐवजी मुलीलाच सारे सांगायचे का, हे मात्र त्यांचे त्यांनी ठरवावे. रुग्णालयांनीही दाखल करतेवेळच्या अर्जात 'जवळचे नातेवाईक' या रकान्याखाली 'माझ्या आजाराची माहिती कोणाला द्यावी' असा रकाना ठेवावा आणि तो शक्य तोवर रुग्णाकडूनच भरून घ्यावा.

— एक औषधविक्रेता, सातारा