मामाची भिंत

ख्राइस्टचर्च, न्यूझीलंड
जानेवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. नमस्कार.

येळवसेच्या सणाला शेतातून तू फोनवरून भज्जी दाखवलीस, आंबिलीचं मडकं दाखवलंस. मागे कडब्याच्या कोपीला टेकून मामा जेवत होता. मी तीनदा हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. कानाचं यंत्र पुन्हा कोनाड्यात ठेवून दिलं असणार. म्हणून हे पत्र. त्याला वाचून दाखव. नंतर सांगू नकोस की तो रडला, कारण तो रडणार नाही, उठून शेळ्यांकडे जाईल.

मागच्या आठवड्यात माझी एक चूक सापडली. मीच शोधली. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या दुकानाची भिंत तपासून मी लिहून दिलं होतं की मजबुतीचं काम ठीक झालंय. परवा दुसऱ्याच कामासाठी ते कागद काढले, तर आकडेमोडीत छताचं वजन कमी धरलेलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, येणारही नव्हतं. रात्रभर झोप नाही. सकाळी जाऊन साहेबाला आणि दुकानदाराला सांगितलं. साहेब चिडला, मग शांत झाल्यावर म्हणाला, हे असं येऊन सांगायला तू कुठे शिकलीस? मी काहीतरी पुटपुटले. औसा तालुक्यातल्या एका गवंड्याबद्दल त्याला काय सांगणार होते?

तुला तो भूकंप आठवतो ना? 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं होती. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. मी नऊ वर्षांची होते. आपल्याकडे भिंतींना चिरा गेल्या, किल्लारी-सास्तूरकडे गावंच्या गावं दगडांचे ढीग झाली. मामाच्या गावात त्यानं बांधलेली एक खोली बसली. तिच्यात कोण गेलं ते तुला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

लोक म्हणत होते, देवाची करणी. मामाला तसं म्हणून सुटता आलं असतं. पण तो त्या ढिगाऱ्यापाशी दोन दिवस बसला. दोन फुटी भिंत होती, बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, आणि मध्ये खडी-माती भरलेली. दोन्ही पदर धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. लांब दगड घडवायला वेळ जातो, पैसे जातात, म्हणून तिकडचे बरेचसे गवंडी असंच बांधत. वर माळवद, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती. वर्षानुवर्षं वजन वाढतच गेलं. जमीन हलली तेव्हा आतला पदर आत सांडला, बाहेरचा बाहेर. शेजारच्या वाड्यात खांब-तुळयांचे लाकडी खण मात्र तसेच उभे होते. मामा ते हात लावून लावून बघत होता.

मग तो घरोघर फिरला. आपण बांधलेल्या प्रत्येक घरी जाऊन ओसरीत उभं राहून म्हणाला, "भित मी बांधलो. आत चूक हाय. आत झोपू नका." एकानं शिव्या दिल्या, एकानं चहा दिला. पुढे भूकंपग्रस्त भागात घरं मजबूत करायचं काम आलं तेव्हा तो ते शिकला. भिंतीतून जागोजागी दगड काढून आरपार भोक पाडायचं, आकडा केलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं. माळवदाची माती उतरवायची. दाराच्या वर चारही भिंतींना सिमेंटचा पट्टा फिरवायचा. दिवाळीच्या सुट्टीत ओळंब्याची दोरी धरायला तो मला न्यायचा. मी विचारलं, मामा, भिंत तर सरळ आहे, मग काय चुकलं? तो म्हणाला, "सरळ दिसली की लोक पैसे देतेत. आत काय घातलो, कोण इचारतंय?"

आपल्या बांधलेल्या घरांचं हे काम त्यानं फुकट केलं. मामी महिनाभर बोलली नाही. तिचंही चुकत नव्हतं, घरात दाणा नव्हता.

नांदेडला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा पुस्तकात ही भिंत बघून मला हसू आलं होतं. आणि इथे आले तर काय, तीच भिंत! 22 फेब्रुवारी 2011 ला भरदुपारी इथे भूकंप झाला, 185 माणसं गेली. कितीतरी जण रस्त्यावर विटांच्या भिंती अंगावर पडून. त्या जुन्या इमारतींतही विटांचे दोन पदर, मध्ये पोकळी, आणि पदर बांधणाऱ्या तारा गंजलेल्या. मी दिवसभर तेच बघते, यंत्रं लावून. मामा बोटाच्या पेराने ठोकून बघायचा.

आता कामाचं. आपल्या गोठ्याची मागची भिंत अजून जुनीच आहे. सगळ्या गावाची केली, बहिणीची राहिली. दादा म्हणत होता की उन्हाळ्यात तिथे खाट टाकतो. टाकू देऊ नकोस. सळई-सिमेंटचे पैसे सोमवारी पाठवते. काम दुसऱ्या गवंड्याला दे, मामानं फक्त खुर्ची टाकून बसायचं आणि ओरडायचं. आणि त्याची रोजंदारी वेगळी पाठवतेय, ती घ्यायचीच. नाही म्हणाला तर मामीच्या हातात दे.

तुझी,
लेक