आधी घर नीट बघू, मग सही कर

नागपूर,
५ मार्च

प्रिय उज्ज्वला,

तुझं पत्र, वर्षभराच्या बिलांचे फोटो आणि त्या सोलरवाल्याचं कोटेशन, सगळं सावकाश वाचलं. मागच्या नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आईंना रात्र रात्र झोप नव्हती, पहाटे ओला पंचा अंगावर घेऊन त्या ओसरीत बसून राहायच्या, हे वाचून फार वाईट वाटलं. यंदा मे महिना लागायच्या आत काहीतरी करायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. पण तीन एसी आणि पाच किलोवॅटचं सोलर यावर भाऊजींनी सही करायच्या आधी मला एक दिवस तुमचं घर तपासू दे. घराच्या दुरुस्त्यांचं काम करताना मी हे इतक्यांदा बघितलंय: आधी यंत्रं येतात, आणि ती कशाला आणली होती हे नंतर शोधलं जातं. उष्णता कुठून आत येते आणि युनिटं कुठे जातात, ही दोन उत्तरं हातात नसताना केलेला खर्च आंधळाच असतो.

सुरुवात तुझ्या बिलांपासूनच करते. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो मी एका कागदावर ओळीने मांडला. डिसेंबर ते फेब्रुवारी तुमचा वापर १४० युनिटांच्या आसपास आहे. हा झाला घराचा बारमाही खर्च: फ्रिज, दिवे, बोअरची मोटर, गीझर. मे महिन्यात तोच आकडा ३९०. म्हणजे अडीचशे युनिटं निव्वळ उकाड्याशी झगडण्यात जातात, आणि तरीही आईंना झोप नाही! आता वर्षाची बेरीज कर. साधारण २,७०० युनिटं होतात, म्हणजे महिन्याला सरासरी सव्वादोनशे. आपल्याकडे एक किलोवॅटचं सोलर दिवसाला चारेक युनिटं देतं. दोन किलोवॅटमध्येच तुमचा आजचा सगळा वापर निघतो. मग पाच कशाला? वर्षाअखेर जी युनिटं शिल्लक राहतात, त्यांना मिळणारा भाव आपण वीज घेतो त्या भावापेक्षा बराच कमी असतो. केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदानही तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांवर थांबतं, त्यापुढे कितीही मोठं बसवलं तरी वाढत नाही. त्या माणसाने गच्चीवर पाय न ठेवता, फोनवर बोलून आकडा ठरवला, हेच मला खटकलं.

आता गच्चीकडे ये. तुमचं घर वरून उघड्या स्लॅबचं, त्यावर विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा, आणि पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळा पडलेला थर. आईंची खोली बरोबर त्याखाली. दिवसभर तो स्लॅब ऊन पीत राहतो आणि ती उष्णता काँक्रीटमधून खाली उतरायला काही तास लागतात. म्हणूनच संध्याकाळी बाहेर जरा वारा सुटला तरी वरच्या खोलीत खरी काहिली रात्री सुरू होते. पंखा लावला की तो सिलिंगजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो. मागच्या उन्हाळ्यात इथल्या एका बंगल्यात मी हे तपमान मोजण्याच्या गनने बघत होते. दुपारी कोबा साठ अंशांच्या पुढे. रात्री दहा वाजता अंगणातली हवा ३४ वर आली होती, तरी खाली झोपायच्या खोलीचं सिलिंग ४० दाखवत होतं. आपल्या अंगाच्या कातडीपेक्षा छत गरम! त्या घरात आम्ही अर्ध्या गच्चीला चुना मारला आणि अर्धी तशीच ठेवली. आठवड्याने शेजारशेजारच्या दोन खोल्यांत रात्री गन धरली, तर चुन्याखालचं सिलिंग चार अंशांनी उतरलेलं. घरमालकीणबाई काही न बोलता आपली गादी उचलून त्या खोलीत घेऊन गेल्या.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. नव्या घराच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा त्यात ठरवून दिली आहे. नुसता उघडा स्लॅब त्याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं, त्यामुळे नियमाचा प्रश्न नाही. पण दुखणं कुठे आहे ते यावरून कळतं. चुना की चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) की वरून इन्सुलेशनचा थर, हे मात्र गच्ची बघूनच ठरवू. जिन्याजवळच्या कोपऱ्यात ओल येते असं तू मागे म्हणाली होतीस. तो कोबा ठोकून बघायला हवा. पोकळ आवाज आला तर आधी तिथलं वॉटरप्रूफिंग, नाहीतर वरचं सगळं काम पुढच्या पावसाळ्यात उखडायला लागेल.

आणि उज्ज्वला, एक गोष्ट कळकळीने सांगते. तो कडुनिंब तोडू देऊ नका. पॅनलवर सावली पडते म्हणून सोलरवाल्याने झाड काढायला सांगितलंय, पण तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला दुपारी दोननंतर त्या झाडाशिवाय दुसरा आडोसा नाही. ते गेलं की खालच्या दोन्ही खोल्या तापतील आणि आज ज्या खोलीला पंखा पुरतो तिथेही एसी मागाल. अगदी तीन किलोवॅट धरलं तरी बिनसावलीची तीनशे चौरस फूट जागा लागते. दक्षिणेकडची अर्धी गच्ची त्याला पुरेल, असा माझा अंदाज आहे. मी येईन तेव्हा सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला सावली कुठवर येते ते खडूने आखून घेऊ. टाकीची आणि शेजाऱ्यांच्या नव्या मजल्याचीही.

मी येण्याआधी तुला एकटीला करता येईल असं एक काम आहे. रात्री सगळे झोपले की घरातलं प्रत्येक बटण बंद कर, फ्रिजसुद्धा, पण मेन स्विच चालू ठेव. मग टॉर्च घेऊन मीटरपाशी जा. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुका ते छापलेलं असतं, बहुतेक ३,२००. घड्याळ लावून एक मिनिट मोज. काहीच चालू राहिलं नसेल तर तो दिवा लुकलुकायला नको. मिनिटाला आठ वेळा लुकलुकला, तर १५० वॅट कुठेतरी जात आहेत, दिवसाचे साडेतीन युनिट, महिन्याचे शंभराच्या वर! आपल्या दराच्या टप्प्यांत १००च्या पुढचं प्रत्येक युनिट कितीतरी महाग पडतं, म्हणून ही गळती बिलात जास्त बोचते. माझा संशय तुमच्या इन्व्हर्टरवर आहे. बॅटरी जुनी झाली की ती भरतच नाही आणि रात्रंदिवस चार्जिंग ओढत राहते. इन्व्हर्टरचा प्लग काढून पुन्हा मोज, म्हणजे कळेल. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. मग इलेक्ट्रिशियनला अर्थिंगसकट सगळं तपासायला लाव. हे बिलापुरतं नाही, जिवाशी आहे.

फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून ओढून बघ. सहज निघाली तर रबर बदलायला झालंय. पंखे जुने असतील तर प्रत्येकी पंचाहत्तर वॅट खातात, नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, तीसच्या आसपास. हे हळूहळू बदलता येईल.

कूलरचं मात्र नीट ऐक. तुम्ही कूलर लावता आणि समोरची खिडकी बंद ठेवता, हे मी मागच्या वेळी पाहिलं. कूलरची ओली हवा आत येते तितकी बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोलीत नुसती घुसमट आणि चिकचिक. एसीचं याच्या बरोबर उलट, त्याला फटी नकोत. त्यामुळे कुठल्या खोलीत काय लावायचं हे ठरल्यावरच खिडक्यांचं काम काढायचं. अगरबत्ती पेटवून दाराखाली, खिडकीच्या चौकटीपाशी, एक्झॉस्टच्या भोकापाशी धरली की धूर कुठे ओढला जातो ते लगेच दिसतं. मला वाटतं, छताचं काम झालं की मे महिन्यात कूलर पुरेल, आणि जूनच्या दमट पंधरवड्यासाठी फक्त आईंच्या खोलीला एक एसी लागेल. त्यासाठी स्वतंत्र जाड वायर ओढावी लागेल, आणि बिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, तेही पाहावं लागेल. तीन एसी लावायचे तर तो नक्की वाढवावा लागला असता.

मी १५ तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीने अमरावतीला येते आणि मुक्कामाला राहीन, कारण रात्री दहाचं सिलिंग मला मोजायचंय. शिडी, लांब टेप आणि घराचा जुना नकाशा सापडला तर काढून ठेव. गच्चीवरचा तो भंगाराचा ढीग मुलांकडून हलवून घे. भाऊजींना सांग, सोलरवाल्याला ‘पंधरा दिवस थांबा’ एवढंच कळवा, अॅडव्हान्स देऊ नका. मीटरवर किती लुकलुका मोजल्यास ते मात्र मला आधी फोनवर सांग.

आईंना साष्टांग नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
माधुरी