एल्कच्या शिकारीला निघण्यापूर्वी : सामानाविषयी सूचना

कोलोरॅडोच्या रायफल सीझनला (एल्क या मोठ्या हरणाच्या रायफलीने करायच्या शिकारीच्या हंगामाला) जाणाऱ्या सर्व सभासदांसाठी.

कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी कपडा दिसलाच पाहिजे, टोपीही त्याच रंगाची. कॅमो (झाडीत मिसळून जाणाऱ्या) छापाचा नारिंगी चालत नाही.

रायफलीवर आपण भरपूर बोलतो, पण माझ्या मते खरी कसोटी सॅकची असते. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस २०० पौंडांच्या आसपास भरतं आणि वाइल्डरनेस क्षेत्रात (कायद्याने संरक्षित रानात) चाकाची हातगाडीसुद्धा नेता येत नाही. म्हणजे सगळं पाठीवरून, फेऱ्या मारत. मजबूत फ्रेमची सॅक घ्या आणि घरीच वजन भरून चालून बघा.

गेम बॅग (मांस ठेवायची कापडी पिशवी) विसरू नका. रात्र गारठ्याची असली तरी जाड कातड्याखाली, विशेषतः मांडीच्या हाडाजवळ, मांस लवकर नासतं. कातडं लगेच उतरवा, मांस सावलीत, वारं लागेल असं टांगा. नर-मादी ओळखण्याची नैसर्गिक खूण मात्र मांसाला जोडलेलीच ठेवायची, तो नियम आहे.

सुती कपडे नकोत, मेरिनो लोकर बरी. हेडलॅम्प दोन. डोंगरात फोनला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडीकडे सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र) हवाच. ज्यांच्याकडे नाही त्यांनी निघण्याआधी ग्रुपवर कळवावं.