लेखकाला विचारता तसं ग्रंथपालालाही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेखकांच्या मुलाखती येतात त्या मी न चुकता वाचते, आवडलेल्या कापून फाईलला लावते, आता अशा चार फायली झाल्यात. मागच्या महिन्यात त्या चाळत बसले होते आणि एकदम लक्षात आलं की ह्यात कवी आहेत, कादंबरीकार आहेत, अनुवाद करणारे आहेत, प्रकाशकसुद्धा दोन-तीन आहेत, पण ग्रंथपाल एकही नाही. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा वाढदिवस, तो राष्ट्रीय ग्रंथपाल दिन, त्या दिवशी फोटोला हार घातल्याची दोन ओळींची बातमी येते आणि विषय संपतो. ग्रंथपालांनाही तुमच्या पुरवणीत बोलायला जागा मिळावी, हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

मी नाशिकरोडला राहते. मिस्टर प्रेसमध्ये होते, तेव्हापासून म्हणजे जवळजवळ सव्वीस वर्षं आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाची सभासद आहे. दोन खोल्या, अकरा कपाटं, बाहेर पेपर वाचायला लांब टेबल. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच बायकांनी मिळून तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लेखकाला बोलवायचं ठरवलं. नाशिकमध्ये लेखक बोलवायला लांब जावं लागत नाही आणि बहुतेक जण मानधनाचं नाव न काढता येतात, हे आवर्जून सांगायला हवं.

पहिले तीन कार्यक्रम नेहमीसारखेच झाले. शाल, श्रीफळ, परिचय, भाषण, मग शेवटी घाईघाईत दोन प्रश्न आणि आभार. आमच्या वाचनालयाच्या ताई (त्याच ग्रंथपाल, त्याच क्लार्क आणि झाडूसुद्धा बऱ्याचदा त्याच मारतात) तिन्ही वेळा खुर्च्या लावणं, माईकची वायर धरून उभं राहणं आणि चहाचे कप मोजणं ह्यातच होत्या, मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही हे आज लिहिताना वाईट वाटतं. चौथ्या वेळी ऐन कार्यक्रमाला लाइट गेली. माईक बंद, पंखे बंद, मे महिना. पाहुणे कादंबरीकार होते, साठीच्या पुढचे, ते म्हणाले आपण इथेच दाराजवळ बसू वारा येतोय, आणि ते सरळ देवघेवीच्या टेबलाशी ताईंच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. आम्ही सगळे खुर्च्या ओढून भोवती. भाषण असं झालंच नाही, त्या दोघांचं बोलणं सुरू झालं आणि ते पावणेदोन तास चाललं.

झालं असं की त्यांनी सहज विचारलं, माझं काही आहे का हो तुमच्याकडे? ताई उठल्या, मोबाईलच्या उजेडात चौथ्या कपाटातून त्यांची पहिली कादंबरी काढून आणली आणि उघडताना पहिलं पान नाही उघडलं, शेवटचं उघडलं. मागच्या पुठ्ठ्याला आतून जी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, परत करायच्या तारखेचे शिक्के मारतात ती. तिथे एकाखाली एक तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, म्हणजे एक भरली की तिच्याखाली दुसरी. २००९ ते २०१४ शिक्के अगदी दाटीवाटीने, महिन्याला दोन-दोन. मग एकही नाही. सहा-सात वर्षं कोरी. आणि २०२१ च्या दिवाळीनंतर परत सुरू. लेखकांनी चष्मा वर करून ती चिठ्ठी बोटाने वरून खाली वाचली. म्हणाले, मधे काय झालं? ताई म्हणाल्या, सर, काही नाही झालं, कपाट बदललं तेव्हा हे सगळ्यात खालच्या कप्प्यात गेलं, आमचे सभासद बहुतेक वयस्कर, वाकून कोण बघणार, लॉकडाऊनमध्ये बंद होतं तेव्हा मी एकेक कपाट पुसायला काढलं, तेव्हा हे हाताला लागलं आणि मी डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवलं. एवढंच.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या वर्षांत मला वाटत होतं माझं लिखाण लोकांना जुनं वाटायला लागलं.

संपादक साहेब, हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने लिहितेय. एका माणसाने सहा वर्षं स्वतःच्या लिखाणाबद्दल मनात काय काय धरून ठेवलं आणि कारण होतं खालचा कप्पा! आणि हे सांगू शकणारी अख्ख्या गावात एकच बाई, तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच पुस्तकात पुढे एका पानावर पेन्सिलने कोणीतरी लिहिलं होतं, 'ही एसटी सिन्नरवरून जात नाही.' पुस्तकावर लिहू नये हे खरंच आहे, ताई त्यावर फार कडक आहेत, पण हे त्यांनी खोडलं नव्हतं, कारण वाचणाऱ्याचं बरोबर होतं. लेखकांनी त्या पानाचा फोटो काढून घेतला, नवी आवृत्ती निघतेय त्यात दुरुस्त करतो म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली. टेबलाच्या एका बाजूला लेखक, दुसऱ्या बाजूला ग्रंथपाल. शाल द्यायची तर दोघांना. मधे कधी लेखक मिळाला नाही तर दुसऱ्या वाचनालयाचे ग्रंथपाल बोलावतो, एकदा पेठ रोडचे आले होते, एकदा निफाडकडच्या एका गावातले. आणि मला मनापासून सांगायचंय की पुस्तकांबद्दल इतकं नवीन मी कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही.

उदाहरणच सांगते. कोणी नवीन माणूस आला आणि म्हणाला काहीतरी चांगलं द्या वाचायला, तर काय द्यायचं? आपण विचारू, कोणत्या प्रकारचं आवडतं. ताई तसं विचारत नाहीत. त्या विचारतात, मागचं पुस्तक कुठपर्यंत वाचलंत? अर्ध्यात सोडलं असेल तर कुठे सोडलं, त्यावरून त्यांना कळतं. एक रिक्षावाले दादा येतात, त्यांनी एक गाजलेली जाडजूड ऐतिहासिक कादंबरी तीनदा नेली आणि तीनदा साठ-सत्तर पानांत परत आणली. ताईंनी त्यांना त्याच काळावरचं, त्याच गडांवरचं भटकंतीचं पुस्तक दिलं, सव्वाशे पानांचं. ते चार दिवसांत संपवून आले आणि मग ती मोठी कादंबरी नेली, ती पूर्ण वाचली. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यातला एक आहे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि लगेच पुढचा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेसाठी हे पाठ करतात म्हणे सगळे, पण एका रिक्षावाल्या दादांसाठी तीन महिने ते काम मनात ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मी डोळ्यांनी बघितलीय.

आणि पुस्तकं काढून टाकायचं काम! त्याला निर्लेखन म्हणतात, हा शब्दच मला माहीत नव्हता. आम्हाला वाटतं वाचनालय म्हणजे पुस्तकं आणायची आणि ठेवायची. पण जागा तेवढीच, पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, कसर लागते, एक कपाट वाळवीने गेलं होतं. मग कोणतं ठेवायचं आणि कोणतं रद्द करायचं? फाटलेलं, पानं गेलेलं, ते सोपं असतं. पण जे धड आहे आणि दहा वर्षांत कोणीच नेलेलं नाही त्याचं काय? निफाडकडून आलेले ग्रंथपाल म्हणाले, मी असं प्रत्येक पुस्तक रद्द करायच्या आधी घरी नेऊन निदान चाळीस पानं वाचतो, कारण आपल्या तालुक्यात ह्याची दुसरी प्रत असेल याची खात्री कोण देणार. त्यांच्यासमोर त्या दिवशी एक कवयित्री बसल्या होत्या, त्यांचा संग्रह तीनशे प्रतींचा निघालेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी आपल्या पिशवीतल्या दोन प्रती तिथल्या तिथे त्यांना दिल्या.

लेखकांची बाजूही ह्यातून कळली. मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वी हजाराची सांगायचे, आता पाचशे, तीनशेची निघते, मिळणारं मानधन ते काय. पण एक प्रत वाचनालयात गेली की ती पन्नास जण वाचतात, साठ जण वाचतात, ते लेखकाच्या कुठल्याच हिशोबात येत नाहीत, पैशाच्याही नाही आणि मनाच्याही नाही. आमच्याकडे आलेल्या एका अनुवादक मॅडमनी सांगितलं की इंग्लंडमध्ये १९७९ साली यासाठी कायदा झाला, सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक नेलं गेलं की त्याच्या हिशोबाने लेखकाला थोडी रक्कम मिळते, आणि डेन्मार्कने तर हे १९४६ लाच सुरू केलं होतं. तिथे ग्रंथपालाच्या देवघेवीच्या नोंदीला किती किंमत आली बघा. आपल्याकडे तसा कायदा उद्या व्हावा असं माझं म्हणणं नाही, आधी आपल्या लहान वाचनालयांना लाइटबिल भरता आलं पाहिजे. पण ती नोंद लेखकापर्यंत पोचायला कायदा लागत नाही, एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतात.

पैशाचं निघालंच आहे तर तेही लिहिते, कारण हे वाचकांना खरंच ठाऊक नसतं. आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान, तेही वर्षातून दोन हप्त्यांत. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली, ती बरीच वर्षं मागणी करून झाली. तरी त्या वाढीनंतर ड वर्गाला वर्षाचे झाले ४८ हजार. महिन्याला चार हजार! त्यात पुस्तकं, पेपर, मासिकं, जागा, लाइट आणि माणसाचा पगार. आमचं वाचनालय त्याच्या एक पायरी वर आहे, पण ताईंना महिन्याला जे मिळतं त्याच्यापेक्षा आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला जास्त आहे. ताईंनी आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयाचा कोर्स केलाय, घरचं सगळं बघून. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, मधल्या वेळात शिवणकाम करतात. तरीसुद्धा दिवाळी अंक आले की कोणाला कोणता आधी द्यायचा याची यादी त्यांनी स्वतःच्या वहीत केलेली असते, कारण एक आजोबा आहेत, त्यांना दिसायचं कमी झालंय, त्यांना अंक उशिरा मिळाला तर थंडीच्या लवकर होणाऱ्या अंधारात वाचता येत नाही.

आणि हे नाशिकमध्ये! १८४० पासून जिथे सार्वजनिक वाचनालय उभं आहे ते गाव. कुसुमाग्रजांचं गाव, ज्यांच्या वाढदिवसाला २७ फेब्रुवारीला सगळा महाराष्ट्र मराठीचा दिवस साजरा करतो. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला शंभर वर्षं होऊन गेली, साहित्य संमेलन २००५ ला झालं, परत २०२१ ला आडगावला झालं. पुस्तकांच्या पेट्या भरून लोकांपर्यंत न्यायची ग्रंथ तुमच्या दारी ही योजना इथून निघाली आणि कुठल्या कुठे पोचली. मला ह्या सगळ्याचा अभिमान आहे, मी बाहेरगावी गेले की सांगत असते. म्हणूनच वाटतं की ग्रंथपालांना बोलतं करायचं कामही इथूनच सुरू व्हावं.

माझी विनंती अशी. महिन्यातून एकदा पुरवणीत अर्धं पान द्या. जिल्ह्यातलं एक वाचनालय निवडा, दर वेळी शहरातलंच नको, सुरगाणा, बागलाण, येवला इकडचीही घ्या. तिथल्या ग्रंथपालांना आणि त्या भागातल्या एखाद्या लेखकाला समोरासमोर बसवा आणि बोलू द्या. तुमच्या प्रतिनिधीने प्रश्नांची लांब यादी आणायची गरज नाही. गेल्या वर्षात सगळ्यात जास्त कोणतं पुस्तक गेलं, कोणतं जावं असं वाटतं पण जात नाही, कोणतं फाटून दोनदा बांधून घेतलं, कोण काय मागतं जे तुमच्याकडे नाही. एवढं विचारलं की पुढचं ते दोघं बघतील. स्पर्धा परीक्षांच्या मुलांचंही विचारा, कारण आता बऱ्याच वाचनालयांत निम्मी जागा अभ्यासिकेला गेलीय, दिंडोरी-पेठकडची मुलं सकाळी डबा घेऊन येतात ती रात्रीच जातात, आणि त्यातली काही मुलं कंटाळा आला की कपाटाशी जाऊन कथा वाचत उभी राहतात, त्यांना ताई हळूच स्टूल नेऊन देतात. ह्याच्यावर एखाद्या लेखकाने लिहायला हवंय.

फोटो छापाल तेव्हा दोघांचाही छापा. मागे एकदा आमच्या कार्यक्रमाचा फोटो एका ठिकाणी छापून आला तेव्हा ताईंची बाजू कापलेली होती, नुसता पुस्तक धरलेला हात दिसत होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण ते कात्रण त्यांनी नोटीस बोर्डावर लावलं नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे बालसाहित्य लिहिणाऱ्या एक मॅडम येणार आहेत आणि समोर एका शाळेच्या ग्रंथपाल बाई. तुमचा माणूस जरूर पाठवा. फक्त चार वाजताच पाठवा, कारण पाचला देवघेव सुरू होते आणि मग टेबलाशी रांग असते, ताईंना मान वर करायला वेळ मिळत नाही.

आपली,
एक वाचक, नाशिकरोड